ऊन पानी

मे महिन्यातली वर्ध्याची तपन ज्यानं भोगली आहे, त्यालाच ही गोष्ट नीट कळेल. पारा ४६ वर. माठात वाळ्याची जुडी, कूलरच्या ताट्या सकाळपासून भिजवलेल्या, पडदे ओढून घर अंधारं केलेलं. आणि आदल्या दिवशी घरी उतरलेली चीनची मुलगी थर्मास पुढं करून विचारतेय, "आंटीजी, गरम पानी मिल सकता है?"

माझ्या ८२ वर्षांच्या सासूबाई दिवाणावरून उठून बसल्या. "ऊन पानी? एवढ्या तपनीत? पोरीले बरं नाही का वं?"

पोरीला बरं होतं. तिच्याकडे बाराही महिने गरमच पाणी पितात. तिची अडचण वेगळीच होती. 'ऊन' म्हणजे धूप, हे तिनं सकाळीच वहीत लिहून घेतलं होतं. मग ऊन पानी म्हणजे काय, उन्हाचं पाणी? आमच्या वऱ्हाडीत कढत पाण्यालाही ऊनच म्हणतात, हे मी सांगितल्यावर तिनं तेही लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मले ऊन पानी द्या नं." सासूबाईंना जग जिंकल्यासारखं झालं.

वर्ध्याला पंचटीला टेकडीवर महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, संसदेच्या कायद्यानं १९९७ मध्ये स्थापन झालेलं. तिथं परदेशातून मुलं हिंदी शिकायला येतात, वसतिगृहात राहतात. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, सुट्टीचे दोन महिने या मुलीला घरी ठेवाल का, घरगुती हिंदी कानावर पडेल. मी उत्साहानं हो म्हणून बसले. आपल्या घरात हिंदी बोलतं कोण, हा प्रश्न मला रात्री अंथरुणावर पडला.

परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावं लागतं. त्याला तेव्हा 'सी फॉर्म' म्हणत. नवरा तिचा पासपोर्ट आणि व्हिसा पुढ्यात घेऊन रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरशी झटत होता. येण्याचं कारण, मुक्काम किती, पुढे कुठं जाणार. सासूबाई ऐकत होत्या. "जावई आले तं इतकं नाही पुसत कोणी," म्हणाल्या.

मग पैशाचा प्रश्न. परदेशात होस्ट फॅमिलीला महिन्याकाठी ठरलेली रक्कम देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, त्यात कुणाला संकोच वाटत नाही. आमच्याकडे तिनं पाकीट पुढं केलं आणि घरात सुतकी शांतता पसरली. घेतले तर खानावळ, नाही घेतले तर पोरीला ओझं. शेवटी तोड निघाली ती दुधाची. रोज सकाळी गोरस भांडारातून दूध आणायचं काम तिचं, आणि दुधाचा हिशेबही तिचाच. दुधासोबत ती गोरसपाकाचा पुडा घेऊन यायची आणि अर्धा वाटेतच संपवायची.

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै आणि तिसऱ्या दिवशी अक्कल गेली कुठं, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी साठ दिवसांचा पाहुणा बघितलेला नसणार. पहिला आठवडा आम्ही तिला ताटही उचलू दिलं नाही. ती अवघडून बसायची, आम्ही अवघडून वाढायचो. एकदा मी कामात होते म्हणून तिला कोपऱ्यावरच्या दुकानातून सांबार आणायला पाठवलं. ती सांबार मसाल्याचा डबा घेऊन आली. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तिला कोण सांगणार? त्या दिवशीची भाजी बिनसांबाराची झाली, पण घर पहिल्यांदा मोकळं हसलं, तीसुद्धा.

खरी गाठ पडली ती गच्चीवर. मे महिना म्हणजे वाळवणाचा. जुन्या लुगड्यावर कुरडया घालून झाल्या होत्या, सासूबाई हातशेवयांची कणीक तिंबत होत्या. हल्ली शेवया मशीनवरून आणतात, पण यांना हातच्याच लागतात. पोरगी बराच वेळ बघत होती. मग न विचारता शेजारी बसली, कणकेचा उंडा घेतला, ताणला, दुहेरी केला, पुन्हा ताणला. चार वेळा, सहा वेळा. तिच्या बोटांतून सुतासारखे धागे निघायला लागले. तिची आजी अशाच हातांनी नूडल्स ओढायची म्हणे. सासूबाईंनी एक धागा उन्हाकडे धरून पारखला. "जाड झाली वं," म्हणाल्या. "अजून एक पदर घे."

त्या क्षणी ती पाहुणी राहिली नाही. तोवर सासूबाई तिला नुसतं चांगलंच म्हणत होत्या. चूक काढली, ती त्या दिवशी पहिल्यांदा. त्यानंतर तिला कामं सांगितली जाऊ लागली, उशिरा उठल्याबद्दल बोलणी बसू लागली आणि ती चक्क गुणगुणत घरात फिरू लागली.

सगळंच गोड होतं असं नाही. ती खोलीचं दार लावून घ्यायची. दिवसाढवळ्या दार लावणं आमच्या घरात आजारपणाचं नाही तर भांडणाचं लक्षण. सासूबाई दार ढकलून आत जायच्या, ती दचकायची. "दार काऊन लावते वं? आपून काय परके हाओ?" तिला उत्तर देता यायचं नाही. एकदा डोळ्यांत पाणी घेऊन ती मला म्हणाली, दार लावते म्हणजे मी तुमच्यावर नाराज नसते, मी फक्त एकटी असते. मी हे वऱ्हाडीत सासूबाईंना सांगायचा प्रयत्न केला. 'एकटी असणं' याला दुःखाशिवाय दुसरा शब्द मला सापडेना. दोन दिवस त्या धुसफुसल्या. तिसऱ्या दिवशी तिच्या दारासमोर उभ्या राहून त्यांनी बांगड्यांचा आवाज केला. आतून "आइए दादी" आलं. पुढे बांगड्या जाऊन बोटांची टकटक आली.

एका संध्याकाळी तिला सेवाग्रामला नेलं. आश्रम वर्ध्यापासून आठेक किलोमीटर. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला इथं आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० चं. बापू कुटीशी आम्ही बराच वेळ थांबलो. आज जिला बापू कुटी म्हणतात, ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली झोपडी. मीराबेन म्हणजे मॅडलिन स्लेड, इंग्रज आरमारातल्या अधिकाऱ्याची मुलगी, १९२५ मध्ये गांधीजींकडे शिकायला आली ती राहूनच गेली. गांधीजी पुढे तिच्या कुटीत राहायला गेले. मातीच्या भिंतींवर उठावात काढलेली झाडं, मोर, चरखा हे तिच्याच हातचं. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे त्या भिंती सांगत नाहीत.

मग झाडाखाली प्रार्थना सुरू झाली आणि पोरगी एकदम ताठ बसली. आश्रमाची सर्वधर्म प्रार्थना एका जपानी बौद्ध मंत्रानं सुरू होते. तिनं त्यातलं सूत्राचं नाव ओळखलं. त्याचं चिनी रूप तिच्या आजीच्या तोंडी असायचं. हा मंत्र इथं कसा आला, तिनं विचारलं. जपानी भिक्खू आश्रमात राहत होते, त्यांच्यामुळं. जपान युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारनं भिक्खूला पकडून नेलं. त्याचा मंत्र मात्र प्रार्थनेत सर्वांत आधी म्हटला जाऊ लागला, आजही म्हणतात.

परतताना मला आनंदीबाई जोशी आठवत होत्या. १८८३ च्या जूनमध्ये १८ वर्षांची ही मुलगी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली तेव्हा न्यायला आल्या होत्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर. ओळख फक्त पत्रांतली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत, मेडिकल कॉलेज सुरू होईपर्यंत त्यांच्याच घरी राहिल्या. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा समुद्रापलीकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत पुरली गेली. आपण आनंदीबाईंच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहितो. आपल्या घरच्यांच्या थडग्यांत एका परदेशी विद्यार्थिनीला जागा देणाऱ्या त्या घराबद्दल कमी लिहितो. एखादं घर पाहुण्याला काय काय देतं, हे मोजता येतं. पाहुण्यामुळं ते घर किती हललं, हे मोजायचं म्हटलं तर अशा जागा शोधाव्या लागतात: एखादी भिंत, प्रार्थनेची पहिली ओळ, दफनभूमीतला एक दगड.

जुलैत वर्ग सुरू झाले आणि ती टेकडीवर परत गेली. हिंदीच्या तासाला 'हाँ' ऐवजी 'हाव' म्हणाली म्हणून वर्ग हसला, असं रविवारी येऊन सांगत होती. वर्षभरानं मायदेशी गेली. थर्मास आमच्याकडेच राहिला. सासूबाई आता त्यात रात्रीचं ऊन पानी भरून उशाशी ठेवतात आणि ते चिनी आहे हे कबूल करत नाहीत.

गेल्या आठवड्यात दुपारी मी खोलीचं दार लोटून वाचत पडले होते. या घरात मला २६ वर्षं झाली. लोटलेलं दार म्हणजे उघडंच दार, हा इथला जुना कायदा. दारावर टकटक झाली.

"येऊ का वं आत?"

मी पुस्तकातून मान वर केली नाही. "दोन पानं राहिली आहेत, थांबा जरा," म्हणाले.

आणि त्या थांबल्या.