दीड हजारात स्मार्ट कोण?

काय दोस्तांनो, मधल्या सुट्टीत डबा खाताना ‘माझ्या मामाच्या फोनला इतकी रॅम, माझ्या ताईच्या फोनला तितके कॅमेरे’ असली भांडणं तुमच्याकडेही रंगतात ना? रंगू देत. पण ते आकडे नुसते तोंडपाठ म्हणायचे, की त्यांचा अर्थही लावायचा? आज एका खऱ्याखुऱ्या लढाईची गोष्ट सांगतो. ती महागड्या फोनांची नाही, अगदी स्वस्त फोनांची आहे. लाख रुपयांच्या फोनात काय, सगळंच कोंबता येतं! दीड हजारात काय ठेवायचं आणि काय गाळायचं, तिथे खरी अक्कल लागते.

ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल पकडलीत की वाटेत घणसोली लागतं. तिथे ठाणे-बेलापूर रस्त्यावर रिलायन्सचं मोठं आवार आहे. जिओचा कारभार तिथूनच चालतो. जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली खरी, पण एक अडचण होती. जिओचं जाळं फक्त फोर-जीचं. आजीच्या जुन्या बटणांच्या फोनात जिओचं सिम घातलं, तर फोन मुकाच! आणि असे फोन होते तरी किती? २१ जुलै २०१७ च्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी आकडा दिला: देशातल्या ७८ कोटी फोनांपैकी तब्बल ५० कोटी. एवढं गिऱ्हाईक हवं तर त्याला परवडेल असा फोर-जी फोन आपणच आणायला हवा, नाही का? त्याच सभेत जिओफोन दाखवला गेला. किंमत शून्य! फक्त १,५०० रुपये अनामत ठेवायची, तीन वर्षांनी फोन परत केला की पैसे परत. २४ ऑगस्टला नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत सुमारे ६० लाख फोनांची नोंदणी झाली.

मग बाकीचे गप्प बसतील होय? ऑक्टोबर २०१७ मध्ये एअरटेलने कार्बन कंपनीला हाताशी धरून ‘ए-४० इंडियन’ आणला, ‘फक्त १,३९९ रुपयांत’. त्याच महिन्यात व्होडाफोन आणि मायक्रोमॅक्सने ‘भारत-२ अल्ट्रा’ जाहीर केला, ‘फक्त ९९९ रुपयांत’. वाद कशावरून? तर स्मार्ट कुणाला म्हणायचं यावरून! जिओ आपल्या बटणांच्या फोनला ‘इंडिया का स्मार्टफोन’ म्हणत होती. एअरटेलचं म्हणणं, आमच्या फोनला बोटाने सरकवायचा पडदा आहे, गूगलचं प्ले स्टोअर आहे. खरा स्मार्टफोन हा!

आता जिओफोन आणि कार्बन शेजारी-शेजारी ठेवू. पडदा २.४ इंच विरुद्ध ४ इंच. इंच कर्णावर मोजतात, म्हणून क्षेत्रफळात फरक अडीच पटींहून जास्त! रॅम ५१२ एमबी विरुद्ध १ जीबी. साठवण ४ जीबी विरुद्ध ८ जीबी. कागदावर कार्बनची सरशी. फक्त बॅटरीत उलटं: जिओफोनची २,००० एमएएच, कार्बनची १,४००. म्हणजे छोट्या पडद्याला मोठी बॅटरी आणि मोठ्या पडद्याला छोटी. कुणाचा चार्जर लवकर शोधावा लागेल, ते तुम्हीच सांगा.

रॅमचं मात्र जरा समजून घ्या हं. फोनची साठवण म्हणजे स्वयंपाकघरातलं फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. डबे फडताळात कितीही असोत, काम चालतं ओट्यावर. मग ज्याचा ओटा मोठा तो फोन जास्त चपळ? तसं नाही. ओट्यावर बेत काय आहे तेही बघायला हवं! जिओफोनवर कायओएस नावाची हलकी प्रणाली होती. ओटा लहान, पण बेत नुसत्या चहाचा. कार्बनवर पुरं अँड्रॉइड होतं. ओटा दुप्पट, पण बेत पुरणपोळीचा! १ जीबीत अँड्रॉइडची दाटी होते हे गूगललाही ठाऊक होतं. म्हणून तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनांसाठी अँड्रॉइडची हलकी ‘गो’ आवृत्ती आणली.

आता आई-बाबांनाही जवळ बोलवा आणि पाटी-पेन्सिल घ्या. एअरटेलचा फोन घेताना दुकानात मोजायचे होते २,८९९ रुपये. मग दरमहा १६९ रुपयांचा रिचार्ज, ३६ महिने. दीड वर्षाने ५०० आणि तीन वर्षांनी १,००० परत. म्हणजे रिचार्ज ६,०८४ आणि फोन १,३९९, एकूण ७,४८३. व्होडाफोनचंही तसंच. आधी २,८९९, दरमहा किमान १५०, शेवटी १,९०० परत, एकूण ६,३९९. आणि ‘फुकट’वाल्या जिओची अट होती, वर्षाला किमान १,५०० चा रिचार्ज. तीन वर्षांचे झाले ४,५००. शिवाय पहिल्या वर्षातच फोन परत केला तर अनामतीतला छदामही मिळणार नाही! मात्र एक गोष्ट जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांत दिसत नव्हती. तीन वर्षांनी एअरटेल-व्होडाफोनवाल्याच्या हातात फोन उरत होता. जिओवाल्याला अनामत हवी तर फोन द्यावा लागत होता.

जिंकलं कोण? २०१८ च्या सुरुवातीला साध्या फोनांच्या विक्रीत जिओफोन देशात पहिला होता. सुरुवातीला त्यावर व्हॉट्सॲपही नव्हतं. ते सप्टेंबर २०१८ मध्ये आलं. तरी लोकांनी घेतला, कारण आजी-आजोबांच्या बोटांना बटणांचीच सवय. २०२० पर्यंत दहा कोटींहून जास्त जिओफोन विकल्याचं कंपनीने सांगितलं.

आणि त्याच २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. वर्ग फोनवर भरू लागले. आता ते ‘प्ले स्टोअर’ आठवा, ज्याच्यावरून एअरटेल भांडत होती. जिओफोनवर यूट्यूब दिसायचं, व्हॉट्सॲपवर गृहपाठ यायचा. पण झूम किंवा गूगल मीट त्यावर नव्हतं. बाईंनी पाठवलेला व्हिडिओ बघता येत होता, वर्गात हात वर करून ‘बाई, समजलं नाही’ म्हणता येत नव्हतं. ज्या घरात हा एकच फोन होता, तिथल्या मुलांना २०१७ मधली ती तूतू-मैंमैं फार जड गेली.

पुढे जिओने गूगलच्या मदतीने ‘जिओफोन नेक्स्ट’ बनवला आणि ४ नोव्हेंबर २०२१ ला, ऐन दिवाळीत, तो बाजारात आला. बटणं गेली, ५.४५ इंचांचा बोटाने चालणारा पडदा आला, २ जीबी रॅम आली आणि, ओळखा पाहू, प्ले स्टोअरही आलं! ज्याला वाचता येत नाही त्याला पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोयही होती. ही मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट. किंमत रोख ६,४९९. नाहीतर आधी १,९९९, वर ५०१ रुपये प्रक्रिया शुल्क आणि मग दरमहा ३०० चे २४ हप्ते. हप्त्यात महिन्याला ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटं बोलणं धरलेलं.

तर या आठवड्याचा प्रश्न: हप्त्याने घेणाऱ्याचे एकूण किती रुपये गेले, आणि त्यातले फोनचे किती, बोलण्याचे किती, हे कसं ठरवाल? पहिला भाग सोपा आहे. दुसऱ्यासाठी आई-बाबांशी थोडी हुज्जत घाला. पत्रं पाठवा, उत्तर पुढच्या अंकात.