भाडे येईल, पण हप्ता?

दिवाळीचा बोनस हाती आला, की मध्यमवर्गीय घरात दोन विचार हटकून डोके वर काढतात. एक सोन्याचा आणि दुसरा जागेचा. त्यातून गृहस्थ महाड-पोलादपूरकडचा मुंबईकर असला, तर त्याचे गणित तयारच असते : महाडला एक ब्लॉक घ्यावा, एमआयडीसीतल्या एखाद्या नोकरदाराला भाड्याने द्यावा, भाड्यातून बँकेचा हप्ता परस्पर फिटावा आणि म्हातारपणी जागा आपली!

गणित गोड आहे. फक्त ते पाटीवर मांडून पाहावे. समजा, ब्लॉक वीस लाखांचा. पाच लाख पदरचे, पंधरा लाख कर्ज, व्याज 9 टक्के, मुदत 15 वर्षे. हप्ता बसतो दरमहा 15,200 रुपयांच्या घरात. भाडे सात हजार आले असे धरू. म्हणजे उरलेले आठ हजार पगारातून, तेही जागा बारा महिने भरलेली राहिली तर! सात हजारांत जेमतेम सात लाखांचे कर्ज फिटते. तेव्हा कर्ज तेवढेच काढावे, किंवा वरचा भार आपण पगारातून सोसणार आहोत हे सौभाग्यवतींना आधीच सांगून ठेवावे. प्राप्तिकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सूट मिळते, दुरुस्ती करा वा न करा. पण सूट म्हणजे काही उत्पन्न नव्हे.

आता खुद्द महाडविषयी. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या कुशीतले हे गाव. पावसाळ्यात ही कूस कधी आवळेल याचा नेम नाही. 22 जुलै 2021 चा पूर गावाने पाहिला आहे. तळमजल्याची जागा स्वस्त मिळते ती काही विकणाऱ्याच्या उदारपणामुळे नव्हे. दलालाला विचारू नका; शेजारच्या वाण्याला विचारा, पाणी कुठवर चढले होते? तो भिंतीवर बोट ठेवून दाखवील. पोलादपूरकडे प्रश्न डोंगराचा. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये येथे आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. घराचा विमा उतरवताना पूर आणि दरड दोन्ही त्यात आहेत ना, आणि घर राहण्याजोगे नसेल तेवढ्या काळाचे बुडालेले भाडे मिळते का, हे वाचून घ्यावे. भाडेकरूचे सामान मालकाच्या विम्यात येते अशी समजूत करून घेऊ नये.

आणि इमारत? 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत संध्याकाळी कोसळली. सोळा माणसे गेली. इमारत काही पडीक, आजोबांच्या काळातली नव्हती. आपण रंग पाहतो, फरशी पाहतो, स्वयंपाकघराचा ओटा पाहतो. खांब कोण पाहतो? भोगवटा दाखला मागावा, ओळखीच्या इंजिनिअरला चहा पाजून एक फेरी मारायला लावावी. आपण त्या घरात राहणार नसतो. दुसऱ्या कुणाची मुले तिथे झोपणार असतात. भाडे घ्यायचे तर एवढे तरी पाहिलेच पाहिजे.

मराठीत भाडे घराचे असते तसे टॅक्सीचेही असते. बिऱ्हाड मात्र माणसांचेच. जुनी मंडळी ‘बिऱ्हाडकरू’ म्हणत, त्यात थोडा ओलावा होता. पण ओलाव्यावर कायदा चालत नाही! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 अन्वये करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नाही आणि तंटा झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का. तेवढ्यासाठी ‘ओळखीतलाच आहे हो’ म्हणून कागद टाळणाऱ्यांचे मला फार नवल वाटते.

करारात एक गोष्ट मात्र कुणी लिहीत नाही. मालक राहतो डोंबिवलीला, घर महाडला. पाणी चढू लागले, की तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाने सामान कुणाच्या घरी न्यायचे आणि जिन्याच्या दाराची किल्ली कुणाकडे असायची? हे जूनच्या पहिल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी बोलून ठरवावे, आणि त्यांचा फोन नंबर भाडेकरूला लिहून द्यावा.