सुई न टोचणारा डॉक्टर

आमच्या भागात चांगल्या डॉक्टरची ओळख फार सोपी आहे. "त्याच्या सुईला गुण आहे," असे ज्याच्याविषयी बोलले जाते तो चांगला. जो नुसता तपासतो, चार प्रश्न विचारतो, दोन गोळ्या लिहून देतो आणि "आठ दिवसांनी या" म्हणतो, त्याच्या दवाखान्याची पायरी आमची माणसे दुसऱ्यांदा चढत नाहीत. "नुसतं बोलायचे पैसे घेतो," हा त्याच्यावरचा ठरलेला आरोप. मला मात्र हा बोलण्याचे पैसे घेणारा डॉक्टरच खरा डॉक्टर वाटतो. कीर्तनकाराला आपण बोलण्याचीच बिदागी देतो, वकिलालाही देतो. मग ज्याच्या बोलण्यावर आपला जीव अवलंबून आहे त्याच्याच बाबतीत आपली मूठ का मिटावी?

मी काही वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि कॉलेजात आलेली आमच्या घरातली पहिलीच आहे. परंतु इंग्रजी अक्षरे लावता येणारी घरात मी एकटीच असल्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटे, रक्ताचे रिपोर्ट हे सारे शेवटी माझ्याच पुढ्यात येते. त्या कागदांवरून माझी जी मते बनली, ती येथे मांडते आहे.

घरच्या डॉक्टरकडे जाणारे आजार पाहिले तर बहुतेक दोन तऱ्हांचे असतात. काही आपोआप बरे होणारे, आणि काही कधीच पुरते बरे न होणारे. गंमत अशी की ह्या दोन्हींत सुईचे काम जवळजवळ नसते. सर्दी-पडसे आठवडाभरात आपले आपण जाते. ते विषाणूमुळे होते आणि अँटिबायोटिकचा त्यावर काडीचा उपयोग होत नाही. उलट उठसूट घेतल्याने खरी गरज लागेल तेव्हा तेच औषध लागू पडेनासे होते. अशा वेळी डॉक्टरचे कसब असते ते हात आवरण्यात, आणि शंभर साध्या खोकल्यांतून एक धोक्याचा खोकला ओळखण्यात. पोराचा श्वास भराभर चालला आहे, छाती आत ओढली जाते आहे, ते पाणीही पीत नाही, हे ज्याने उघड्या अंगाने पोराला न्याहाळले त्यालाच कळेल. सुई भरायला लागणाऱ्या वेळेपेक्षा ह्याला जास्त वेळ लागतो, आणि त्याची किंमत मात्र आपल्या लेखी शून्य!

जुलाबाचे तेच. जुलाब झाले की "बाटली लावा" हा आमचा हट्ट. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांच्यापाशी सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांत भरले आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांकडूनच पाजविले. जिथे शंभरातले तीसच्या आसपास मरत होते, तिथे हे प्रमाण चाराच्याही खाली आले. त्यांना २०२३ साली पद्मविभूषण मिळाले, तेही मरणोत्तर. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढे आमच्या प्रत्येक चुलीपाशी करता येते. अर्थात माणूस ग्लानीत गेला, पोटात काही ठरेना, तर बाटली हवीच. तिला माझा विरोध नाही. पण जो डॉक्टर "घरी जा, हे पाणी पाजा, लघवी झाली की कळवा" म्हणतो, तो अडाणी ठरतो आणि बाटली लावणारा देव ठरतो, हे कसे?

दुसऱ्या तऱ्हेचे आजार म्हणजे रक्तदाब आणि साखर. ह्यांच्याविषयी लिहिताना मला तटस्थ राहता येत नाही. रक्तदाबाचा वरचा आकडा १४० च्या किंवा खालचा ९० च्या पुढे वारंवार निघू लागला तरी माणसाला काहीच दुखत नाही. दुखत नाही म्हणजे आजार नाही, हे आमचे गणित. माझे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, ह्यांना तालुक्याच्या डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी चालू केली होती. दिवाळीनंतर टोळी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर ऊसतोडीला गेली. जवळची महिन्याची पाकिटे संपली. अंगात कणकण म्हणून ते तिकडच्या एका दवाखान्यात गेले, तर एक सुई आणि एक बाटली मिळाली. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब कुणी पाहिला नाही, की पूर्वीच्या गोळ्या कोणत्या म्हणून विचारले नाही. दोन दिवस बरे वाटले. पुढच्या महिन्यात भल्या पहाटे मोळ्या भरताना त्यांच्या अंगावरून वारे गेले. वय ४६. आज ते ओट्यावर बसून डाव्या हाताने जेवतात. काकी अर्धा कोयता म्हणून जाते, आणि उचल मात्र अंगावर तशीच आहे.

येथे कुणी म्हणेल, माणसे अज्ञानी, त्याला डॉक्टर काय करणार? मला हे पटत नाही. सुई मागणाऱ्याला मूर्ख समजण्याआधी त्याचा हिशेब पाहावा. फडावर एक दिवस चुकला तर त्याला खाडा म्हणतात. त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर मुकादम पैसे कापतो. अशा माणसाला "आठवडाभर विश्रांती घ्या" हा सल्ला म्हणजे थट्टाच. त्याला दुपारपर्यंत उभे करणारी सुई हवी असते, आणि वेदना दाबणारी सुई त्याला खरेच उभे करते. पुष्कळ ठिकाणी त्यात स्टेरॉइड असते, त्याने साखर वाढते, हे त्याला कुणी सांगत नाही. मागणाराही घाईत, देणाराही घाईत!

ह्या घाईचे टोक आमच्या जिल्ह्याने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला तेव्हा, २०१९ साली, शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायांपैकी १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली आढळली. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळीचा त्रास ह्या तक्रारी घेऊन बाई पहिल्यांदा जाते तेव्हा तिला तपासून, गोळ्या देऊन, नवऱ्यालाही औषध देऊन, पुन्हा बोलावणारा कुणी असता, तर ह्यांतल्या कितीतरी जणी टेबलावर गेल्याच नसत्या. बाईची लाज आणि खाड्याची भीती ह्यांचा तोडगा म्हणून कात्री निघाली. ह्याचा मला जो संताप येतो तो संयमाने लिहिणे कठीण आहे.

आणि हे घडत होते तेव्हा आमच्या शिवेपलीकडे जामखेड होते! तेथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० पासून गावातल्या साध्या, पुष्कळदा निरक्षर बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुणाच्या घरात काय दुखणे आहे, कोण औषध घेते, कोणी सोडले, हे लक्षात ठेवायला एमबीबीएस व्हावे लागत नाही, हे त्या बायांनी दाखविले. २००५ पासून आपल्याकडे आशाताई आहेत. आमच्या आशाताईला कोणत्या घरातली कोणती म्हातारी गोळी तोंडात धरून मागे थुंकते हेही ठाऊक आहे. पण टोळी निघाली की तिची नजर तुटते, आणि डॉक्टरांच्या कपाटातले कार्ड कपाटातच राहते.

माझे म्हणणे एवढेच की आमच्यासारख्यांच्या बाबतीत घरचा डॉक्टर घराबरोबर फडावर जाऊ शकत नसेल, तर त्याचा कागद तरी गेला पाहिजे. पन्नास पानी वही पुरे. तीत रक्तदाबाचे आकडे, गोळीचे नाव मराठीत, ती कधी घ्यायची आणि कोणती सुई चालत नाही, हे डॉक्टरने आपल्या हाताने लिहावे. तिकडच्या डॉक्टरने ती वही मागावी, आणि त्याने न मागितल्यास आपण पुढे करावी. आमच्या घरची वही मी घातली आहे. आईने ती पेटीत उचलीच्या कागदांबरोबर ठेवली आहे.

गोळ्यांचे मात्र वहीने भागत नाही. सरकारी दवाखान्यातून आमच्याकडे पंधरा दिवसांच्या किंवा फार तर महिन्याच्या गोळ्या मिळतात आणि टोळी पाच-सहा महिने बाहेर असते. जाणाऱ्यांच्या नावांची यादी मुकादमापाशी दसऱ्यापूर्वीच तयार असते. त्याच यादीवरून प्रत्येकाच्या दंडाला एकदा पट्टा बांधावा, आणि ज्यांना गोळी चालू आहे त्यांना निदान तीन महिन्यांची पाकिटे हातात द्यावीत. पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात वही दाखवून मिळाव्यात. हे काम गाड्या भरण्याच्या आदल्या आठवड्यात व्हायला हवे. एकदा ट्रॅक्टर हलला की कुणी थांबत नाही.