दवाखान्यातील मदतनिसाला कोण शिकविणार?

जन्मतः एच.आय.व्ही.ची लागण झालेल्या मुलांच्या मुखविकारांशी आम्हा बालरोगतज्ज्ञांचा जुना परिचय आहे. तोंडातील बुरशी, कानाखालील लाळग्रंथींची सूज, गोड पातळ औषधांनी किडणारे दुधाचे दात! २००६ च्या अखेरीस मुलांसाठी मोफत ए.आर.टी. उपचारांचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला आणि यांतील अनेक मुले वाढली, शिकली, नोकरीला लागली. आता ती दंतवैद्याकडे स्वतःच्या पायांनी जातात, आणि खरे सांगितले की पुष्कळदा ‘मोठ्या रुग्णालयात जा’ असे ऐकून परततात. त्याच खुर्चीवर पुढे बसणाऱ्या रुग्णाला स्वतःच्या लागणीची कदाचित कल्पनाही नसते. त्याचा दात मात्र निर्धास्तपणे काढला जातो. अशा नकाराने सुरक्षितता ती कोणती साधली?

दंतवैद्याने हे सारे महाविद्यालयात अभ्यासलेले असते. परंतु रुग्णाला दाराशीच थोपविणारी स्वागतिका आणि उपकरणे धुणारा मदतनीस हे बहुधा पाहून पाहून शिकलेले असतात. एच.आय.व्ही. म्हटले की दोन हातमोजे चढवायचे आणि इतर वेळी एअरोटर स्पिरिटने पुसून पुढच्या रुग्णाला लावायचा, ही त्या शिक्षणाची फलश्रुती! खरे तर प्रत्येक रुग्णाचे रक्त व रक्तमिश्रित लाळ संसर्गजन्य मानावयाची आणि प्रत्येक रुग्णानंतर एअरोटर ऑटोक्लेव्हमध्ये घालावयाचा, एवढाच नियम आहे. तो पाळला तर एच.आय.व्ही.च्या रुग्णासाठी वेगळा दिवस, वेगळी खोली लागत नाही.

बाधित रक्ताची सुई टोचल्यास एच.आय.व्ही. होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन आहे. रुग्ण नियमित औषधे घेत असेल तर त्याहूनही पुष्कळ कमी. उलट, लस न घेतलेल्यास हिपॅटायटिस ‘बी’ होण्याची शक्यता शंभरात सहा ते तीस. ज्याचे भय वाटावे त्याचे वाटत नाही, हे नवलच. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मदतनिसाला त्या लसीच्या तिन्ही मात्रा दिल्या आहेत? (हा प्रश्न केवळ दंतवैद्यांना नाही.)

सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावे. हे त्या मदतनिसाला तोंडपाठ हवे, कारण पुष्कळदा सुई टोचते ती रुग्ण गेल्यावर, आवराआवर करताना.

२०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार नाकारण्यास त्यात बंदी आहे, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. पण कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने, ती वापरण्याचे प्रशिक्षण आणि प्रतिबंधक औषध पुरविणे हेही त्याच कायद्याने दवाखान्यावर बंधनकारक केले आहे, याचा उच्चार आपल्या परिषदांतून क्वचितच होतो. आपल्या संस्थेने वर्षातून एक रविवार केवळ मदतनिसांसाठी राखावा, अशी माझी सूचना आहे. बेळगावात हे वर्ग मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत व्हावेत. भिंतीवर डकविलेले इंग्रजी सूचनापत्रक वाचतो तो डॉक्टरच, आणि उपकरणे धुण्याचे काम तर त्याचे नसते.