दर्या, दरिया आणि पैनगंगेच्या काठची चार किलोमीटर

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मराठीच्या तासाला 'नदीचे वाळवंट' असा शब्द आला. मी विचारलं, वाळवंट म्हणजे काय? सगळ्या मुली एका सुरात म्हणाल्या, "रेगिस्तान, बाजी." एकीने तर त्यात उंटही आणून उभा केला. त्यांचं चुकलं नव्हतं. पण पाणी ओसरल्यावर नदीच्या काठाला जी वाळू उघडी पडते, तिलाही मराठीत वाळवंटच म्हणतात. पंढरपूरला वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात जमतात ते हेच. मी फळ्यावर चित्र काढून दाखवलं.

पुढचा उर्दूचा तासही माझाच होता. त्यात 'दरिया' आला. उर्दूत दरिया म्हणजे नदी आणि मराठीत दर्या म्हणजे समुद्र. मुली आणखी गोंधळल्या. मागच्या बाकावरची एक म्हणाली, "बाजी, समंदर तो देखाच नहीं, और नद्दी पुल पर सेच देखी." वर्ग हसला, मीही हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. नांदेड हे गोदावरीच्या काठावरचं शहर आहे. आमच्या मुलींना ती नदी ऑटोतून पूल ओलांडताना अर्धा मिनिट दिसते, तेवढीच.

त्याआधी मी लातूरला शिकवत होते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा मी तिथेच होते. पहिल्या खेपेला दहा टाक्या होत्या, एकेका टाकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर. त्या वर्षी मी वर्गाला 'आमची नदी' या विषयावर निबंध दिला. मांजरा नदीवर लिहायचं होतं. मुलींच्या वह्यांमध्ये नदी कमी आणि टँकर जास्त होता. कोणाचा नंबर कधी लागतो आणि कोण घागर पुढे सरकवतं, हे सगळं त्यांनी अगदी बारकाईने लिहिलं होतं.

म्हणून यंदा सहलीचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, वॉटर पार्क नको. या वेळी मुलींना नदीकाठच्या जंगलात पायी फिरवून आणू.

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि मुंबईचं संजय गांधी. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलेलं नाही. पण आपल्याकडे पैनगंगा अभयारण्य आहे. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा मराठवाडा आणि विदर्भाची हद्द आखत पूर्वेला जाते आणि शेवटी वर्धा नदीला मिळते. तिच्या अंगाने नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांत सव्वाचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास हे जंगल पसरलं आहे. साग, मोह, तेंदू, पळस, धावडा आणि पाण्याच्या कडेला अर्जुन. रोही, चितळ, भेकर, अस्वल, बिबट्या. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर असं गेलं की शंभरेक किलोमीटरवर सहस्रकुंड धबधबा येतो आणि तो परिसर सुरू होतो. त्या भागात रेल्वेही जाते, सहस्रकुंड नावाचं स्टेशनसुद्धा आहे.

वर्गात मुली बेचाळीस होत्या. इजाजतनाम्यावर पहिल्या आठवड्यात नऊ सह्या आल्या.

मी घरोघर गेले. पालकांचे तीन आक्षेप होते आणि ते खोटे नव्हते, म्हणून इथे नीट मांडते.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. "बाजी, जंगल है, जानवर है, पानी है." ही भीती बरोबर आहे. म्हणूनच पावसाळ्यात जायचं नाही. जुलै ते सप्टेंबर धबधबा सर्वात देखणा असतो, पण काठचा कातळ तेव्हा निसरडा होतो आणि वरच्या इसापूर धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते. डिसेंबरात पाणी खाली गेलेलं असतं, ऊन सोसवतं आणि दिवसाउजेडी सगळं आटोपता येतं. वनविभागाची परवानगी घ्यायची, वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत घ्यायचा, पाण्यात कोणी उतरायचं नाही. एवढं पाळलं तर ही सहल शहरातल्या रस्त्यावरून शाळेत येण्यापेक्षा धोक्याची नाही, असं माझं मत आहे.

दुसरा आक्षेप लोकांचा. "लोग क्या बोलेंगे? बुरके में जंगल?" यावर मी एका वालिदांना विचारलं, कंधारच्या उरुसाला घरातल्या बायका जातात ना? माहूरला सोनापीर बाबांच्या दर्ग्यावर डोंगर चढून जातात ना? माहूर तालुक्यात तर वझरा शेख फरीद नावाचं गाव आहे आणि तिथे धबधबा आहे. जंगलातल्या गावाला आणि पाण्याला आपल्याच एका बुजुर्गाचं नाव लागलं आहे. मग ती जागा आपल्या मुलींना परकी का वाटावी?

तिसरा आक्षेप एका आईचा होता आणि त्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "चलके क्या मिलता बाजी? मार्क मिलते क्या?"

शेवटी तेवीस मुली आल्या. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, त्यामुळे खर्च आवाक्यात राहिला. फजरनंतर निघालो. सर्वात मोठी अडचण निघाली ती पायताणांची. बूट फक्त सहा जणींकडे होते, बाकी सगळ्या घरच्या चपलांवर. सोबत आलेल्या गावातल्या काकांनी ते पाहिलं आणि वाट बदलली. जरा लांबची पण सपाट अशी वाट धरली. नदीच्या काठाने दोन किलोमीटर खाली जायचं आणि मग सागाच्या रानातून वळसा घेऊन निघालो तिथेच परत यायचं. चार किलोमीटरची गोल वाट. एकही चढ असा नाही की धाप लागावी.

आपल्याकडे 'ट्रेक' म्हटलं की सह्याद्रीतले किल्ले, दोर आणि शिखरावरचा फोटो डोळ्यांसमोर येतो. त्यात चांगलंच आहे सगळं, पण पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्या मुलीला ते जमत नाही आणि तिच्या आईला तर नाहीच. गोल वाटेत गाठायचं असं काही नसतं. जी हळू चालते तीही तिथेच पोचते. आलेल्या रस्त्याने मागे फिरावं लागत नाही, म्हणून शेवटपर्यंत नवीन काहीतरी दिसत राहतं. पहिल्या चालीसाठी असंच काही हवं.

अर्जुनाचे पांढरट बुंधे मुलींना आधी रंगवलेले वाटले. काकांनी धुळीतले रोह्याचे खूर दाखवले आणि थोडं पुढे अस्वलाची विष्ठा. तिच्यात बोराच्या बिया होत्या. आधी सगळ्यांनी नाक दाबलं, मग सगळ्या वाकून बिया बघू लागल्या. एका ठिकाणी काकांनी पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं. माझा वर्ग पाच मिनिटं गप्प बसतो, हे मला नोकरीत पहिल्यांदाच कळलं. खंड्याने पाण्यात सूर मारला तेव्हा कोणी ओरडलं नाही. वळणावर पांढरी वाळू लागली, तिथे एकीने चप्पल काढून पाय ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "बाजी, येइच वाळवंट है ना?"

जोहरची नमाज तिथेच झाली. वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी वुजूला पाणी वाया घालवू नका, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती खऱ्या नदीकाठी आठवण्याची माझीही पहिलीच वेळ होती.

'आपल्या समाजाला जंगलाशी काय देणंघेणं' असं म्हणणाऱ्यांना मी सलीम अलींचं नाव सांगते. 1896 साली मुंबईत जन्मलेले, लहानपणीच पोरके झालेले, मामांनी वाढवलेले. 1931-32 मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्या काळातल्या भटकंतीत त्यांच्या पत्नी तेहमिना सोबत असत. नव्वद वर्षांपूर्वी एक मुसलमान बाई तंबूत राहून जंगल फिरत होती आणि आज आपण मुलीला दिवसाची सहल नाकारतो. सूरह अनकबूतमध्ये जमिनीवर फिरून सृष्टीची सुरुवात कशी झाली ते पाहण्याचा हुकूम आहे. तो फक्त मुलांसाठी आहे, असं तिथे लिहिलेलं नाही.

थोडं आपल्या पुरुषांविषयीही. जंगलात आपण जातच नाही, असं नाही. रविवारी गाड्या भरून जातो, देग चढवतो, मोठ्याने गाणी लावतो आणि थर्माकोलच्या पत्रावळ्या नदीकाठी टाकून येतो. यात सगळेच धर्म सामील आहेत, पण मी माझ्या घरच्यांना आधी सांगेन. अशा सहलीत घरातल्या मुली नसतात. त्या आल्या असत्या तर कदाचित पत्रावळ्या उचलल्याही गेल्या असत्या.

वनविभागाकडेही मागणं आहे. ताडोब्याला सफारीच्या गाड्या आहेत, मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात शिलोंड्याची ओढ्याकाठची पायवाट आहे. मराठवाड्यातल्या शाळांसाठी पैनगंगेच्या काठी अशी एक सोपी गोल वाट आखून द्यावी. तीन-चार किलोमीटर, मराठी आणि उर्दू पाट्या, एक स्वच्छतागृह आणि गावातल्या बायकांना वाटाड्याचं काम. स्वच्छतागृह मी उगाच लिहिलेलं नाही. कित्येक मुलींनी दुपारपर्यंत पाणी प्यायलं नव्हतं, ते केवळ त्याच भीतीने.

आणि शाळांना एवढंच सांगते की सहलीच्या इजाजतनाम्यासोबत 'पायात बूट असावेत' एवढं लिहून भागत नाही. ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी शाळेनेच आठ-दहा जोड ठेवावेत. खेळाचं साहित्य घेतो, तसे हे घ्यावेत.

'मार्क मिळतात का' याचं उत्तर मला परत आल्यावर मिळालं. मुलींनी सहलीवर निबंध लिहिले. त्यात टँकर नव्हता. डोह, कातळ, पाणवठा, वाळवंट हे शब्द जिथे हवेत तिथे बसले होते. पैकीच्या पैकी मार्क तिघींना दिले आणि त्या आईच्या मुलीची वही मी तिच्या घरी नेऊन दाखवली.

पण नदी पुलावरूनच पाहिल्याचं जिने सांगितलं होतं, तिला इजाजत मिळाली नव्हती. तिच्यासाठी मी काठावरचा एक गुळगुळीत गोटा उचलून पर्समध्ये टाकला होता. काकांनी पाहिलं आणि म्हणाले, "म्याडम, अभयारण्यातलं काही न्यायचं नसतं. ठेवा तिथंच." मी ठेवला.

आता ती नववीत आहे. डिसेंबरात पुन्हा जायचं ठरतंय. परवा तिच्या वालिदांना भेटले, ते म्हणाले, "देखेंगे, बाजी." मी म्हटलं, तुम्हीही चला, तिच्या अम्मीलाही आणा. वाट सोपी आहे.