बेट एकाचें, दिवा सर्वांचा

दीपगृह म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें समुद्र उभा राहतो. अलिबागच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांस खांदेरीच्या बेटावरील दिवा परिचयाचा आहे. इतरांनीं निदान चित्रांत तरी एखादें दीपगृह पाहिलें असेल. परंतु गोड्या पाण्याच्या सरोवरांत, एखाद्या लहानशा बेटावर, आणि तेंही कोणा गृहस्थाच्या खासगी मालकीच्या बेटावर दीपगृह असूं शकतें, ही गोष्ट प्रथम ऐकतांना चमत्कारिक वाटते. अशीं बेटें उत्तर अमेरिकेंत आहेत. त्यांचा इतिहास वाचतांना मनांत एक प्रश्न उभा राहिला आणि तो विद्यार्थी वाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा असें वाटलें. प्रश्न असा कीं, जो दिवा परक्यांच्या प्राणांच्या रक्षणासाठीं लाविला, तो एका माणसाच्या मालकीचा होऊं शकतो काय? आणि झाल्यास त्या मालकाकडे कोणतें कर्तव्य येतें?

प्रथम सरोवर या शब्दाविषयीं. तळ्याच्या कांठीं बसून कमळें पाहावीं अशा प्रकारचीं हीं सरोवरें नव्हेत. त्यांपैकीं सर्वांत मोठें जें सुपीरिअर, तें सुमारें ८२,००० चौरस किलोमीटर पसरलें आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहूनही अधिक. शरद्-ऋतूच्या अखेरीस तेथें जीं वादळें उठतात त्यांनीं मोठमोठीं जहाजें गिळलीं आहेत. १० नोव्हेंबर १९७५ रोजीं ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ नांवाचें २२२ मीटर लांबीचें जहाज लोहखनिजाचा माल घेऊन जात असतां याच सरोवरांत बुडालें आणि त्यावरील २९ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. सुपीरिअर व ह्यूरन या सरोवरांना जोडणाऱ्या नदीवरील धबधबे टाळून जाण्यासाठीं सू येथें १८५५ मध्यें जलपाश बांधले गेले, तेव्हांपासून मिशिगन प्रांतांतील लोखंड जहाजांत भरून खालीं जाऊं लागलें. जहाजें वाढलीं, अपघात वाढले, आणि मार्गावरील ओसाड खडकांवरही दिवे लावणें भाग पडलें.

मार्क्वेट बंदराच्या उत्तरेस सुमारें बारा मैलांवर असलेलें ग्रॅनाइट बेट हा असाच एक खडक. क्षेत्रफळ अवघें अडीच एकरांच्या आसपास. बाजू सरळ पाण्यांतून वर चढलेल्या. १८६८ मध्यें सुरुंग लावून त्याचा माथा सपाट केला आणि त्यावर एक दगडी घर व घराला लागूनच मनोरा उभा केला. हिवाळ्यांत बर्फामुळें जहाजांची ये-जा थांबे, तेवढ्यापुरती दिव्यास सुटी. एरवीं वसंतापासून वर्षाच्या अखेरीपर्यंत रक्षकानें तेथें राहावें, दिवस मावळतांच दिवा लावावा, मध्यरात्रीं उठून वात कापावी, आणि सकाळीं काजळी पुसून पुनः सर्व स्वच्छ करावें. पीठमीठ संपलें तर होडींतून बारा मैल जावें आणि हवा फिरली तर तिकडेच अडकून पडावें.

या घरांतील अमूल्य वस्तु म्हणजे भिंग. साध्या वातीचा प्रकाश वर, खालीं, चोहोंकडे उधळला जातो. खलाशाच्या वांट्यास त्यांतला अत्यल्प भाग येतो. ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानें कांचेच्या अनेक लोलकांचीं वलयें अशा युक्तीनें मांडलीं कीं तो सर्व उधळलेला प्रकाश गोळा होऊन क्षितिजाच्या रोखानें निघावा. त्याचें पहिलें भिंग १८२३ मध्यें फ्रान्समधील कोर्दुआँ दीपगृहांत बसविलें गेलें, आणि पुढें कांहीं दशकांत अमेरिकेच्या सरोवरांवरही तीं पोहोंचलीं. शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं प्रकाशाच्या वक्रीभवनाचा धडा वाचतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. आमच्या वेळीं हा धडा केवळ आकृति काढून गुण मिळविण्यापुरता होता.

रक्षकाचें कर्तव्य म्हणजे काय हें एलिझाबेथ व्हिटनी विल्यम्स या बाईंच्या चरित्रावरून चांगलें समजतें. मिशिगन सरोवरांतील बीव्हर बेटाच्या बंदरावर त्यांचे पति दीपरक्षक होते. १८७२ मध्यें एका वादळी रात्रीं संकटांत सांपडलेल्या जहाजाच्या मदतीस ते होडी घेऊन गेले ते परत आलेच नाहींत. बाईंनीं तो दिवा विझूं दिला नाहीं. पुढें त्याच अधिकृत रक्षक झाल्या, नंतर लिट्ल ट्रॅव्हर्स येथील दिवा त्यांच्याकडे आला, आणि १९१३ पर्यंत त्यांनीं हें काम केलें. १९०५ मध्यें त्यांनीं आपल्या आठवणींचें पुस्तकही प्रसिद्ध केलें. त्या दिव्यांतलें मालकीचें असें बाईंचें कांहींच नव्हतें. घर सरकारचें, तेल सरकारचें, भिंगही सरकारचें. त्यांचें स्वतःचें म्हणावयाचें तर रात्रीचें जागरण तेवढें होतें. आज दीपगृहें विकलीं जात असतां ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

ही विक्री कशी सुरू झाली तें आतां पाहूं. स्वीडनमधील गुस्ताफ डालेन या कल्पक इंजिनिअरानें एक झडप तयार केली. तिच्यांतील काळा दांडा दिवसाच्या उजेडांत ऊब शोषून किंचित् लांबतो व ॲसिटिलीन वायूची वाट बंद करतो. अंधार पडतांच तो आंखडतो, वायु मोकळा होतो व दिवा पेटतो. या व अशा शोधांसाठीं त्यास १९१२ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं एका स्फोटांत त्याची दृष्टि गेली. त्याच्या झडपेनें कोठेंही माणूस नसतां दिवा लागूं लागला. पुढें वीज आली. ग्रॅनाइट बेटावरचा दिवा १९३७ मध्यें असाच आपोआप चालणारा झाला. दिवा राहिला, पण घर रिकामें पडलें. आणि रिकाम्या घराची काय अवस्था होते हें कोणत्याही गांवांतील जुना वाडा पाहिलेल्यास सांगावयास नको.

मिशिगन व ह्यूरन या सरोवरांच्या संगमाजवळ सेंट हेलेना नांवाचें बेट आहे. (नेपोलियनच्या सेंट हेलेनाशीं याचा घोटाळा करूं नये.) एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें न्यूटन नांवाच्या बंधूंनीं मासेमारीचा व व्यापाराचा तळ वसविला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या आगबोटी तेथें सरपण घेत. १८७३ मध्यें सरकारनें बेटाच्या टोंकाशीं विटांचा मनोरा व घर बांधिलें. १९२२ मध्यें दिवा आपोआप चालूं लागतांच रक्षक गेला. मग खिडक्या फुटल्या, छप्पर गळूं लागलें, आणि जें उचलतां येण्याजोगें होतें तें लोकांनीं उचललें. हें दीपगृह तर सरकारी होतें! म्हणजे मालकी सरकारची असली कीं वस्तु सुरक्षित राहते असें समजण्यास आधार नाहीं. १९८६ मध्यें दीपगृहांविषयीं आस्था असणाऱ्या एका संस्थेनें ती जागा सरकारकडून वापरण्यास घेतली, आणि पुढें उन्हाळ्यामागून उन्हाळे बालवीरांचीं पथकें त्या बेटावर जाऊन राहिलीं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनीं होड्यांतून सामान उतरविलें, कचरा काढला, भिंती घासल्या, रंग दिला. शिक्षकांसाठीं तेथें अभ्यासवर्गही भरले. पालकांपैकीं ज्यांस मुलांनीं सुटींत हातांत खराटा घेणें कमीपणाचें वाटतें, त्यांनीं ही हकीकत अवश्य ऐकावी.

पण प्रत्येक बेटास अशी मुलें कोठून मिळणार? शॅम्प्लेन सरोवरांत बर्लिंग्टन शहरासमोर जुनिपर बेट आहे. त्या सरोवरावरील पहिलें दीपगृह १८२६ मध्यें येथेंच झालें, आणि १८४६ मध्यें त्याच्या जागीं जो बिडाचा मनोरा उभा राहिला तो अमेरिकेंत आज शिल्लक असलेल्या अशा मनोऱ्यांत सर्वांत जुना आहे. १९५४ मध्यें त्यांतला दिवा बंद झाला आणि लवकरच बेट खासगी मालकीचें झालें. ग्रॅनाइट बेटही १९९९ मध्यें सरकारी लिलांवांत एका गृहस्थानें घेतलें. त्यानें पडावयास आलेल्या घराची मोठ्या कष्टानें डागडुजी केली. एवढेंच नव्हे, तर सरोवराचें पाणी किती व कसें वाफ होऊन जातें हें मोजण्याचीं उपकरणें शास्त्रज्ञांनीं त्या बेटावर बसविलीं. दिवा सांभाळणाऱ्यांच्या घराशेजारीं आतां सरोवराची नाडी पाहिली जाते.

याहून बोलकें उदाहरण शॅम्प्लेन सरोवरांतीलच आइल ला मॉट या बेटाचें आहे. तेथील बिडाचा मनोरा १८८० च्या सुमाराचा. त्याचा तांबडा रंग उन्हापावसानें विटून गुलाबी झाला आहे. १९३३ मध्यें त्यांतला दिवा काढून शेजारच्या पोलादी सांगाड्यावर नेला गेला आणि मनोरा व जागा खासगी हातीं गेली. सत्तर वर्षांत तो सांगाडाच जीर्ण झाला. तटरक्षक दलानें हिशेब केला तों नवा सांगाडा उभारण्यापेक्षां जुन्या मनोऱ्यांतच दिवा परत ठेवणें सोयीचें ठरलें. मालकांनीं संमति दिली, आणि २००२ च्या ऑक्टोबरांत तो दिवा आपल्या जुन्या जागीं पुनः लागला. मनोरा एका कुटुंबाचा, प्रकाश सर्व खलाशांचा, अशी ही व्यवस्था आहे.

अमेरिकेनें २००० सालीं या बाबतींत एक कायदा केला. नको झालेलें दीपगृह प्रथम सार्वजनिक संस्थांस विनामूल्य द्यावें, त्यांनीं तें सांभाळावें व लोकांस पाहूं द्यावें. कोणीच पुढें न आल्यास त्याचा लिलांव करावा. हा क्रम मला योग्य वाटतो. कित्येक लोक लिलांवास मुळांतच विरोध करतात. त्यांचें म्हणणें असें कीं धनिक मनुष्य बेट घेईल, ‘प्रवेश बंद’ अशी पाटी लावील, आणि ज्या जागेसाठीं माणसें बुडालीं ती त्याच्या मेजवान्यांची जागा होईल. ही भीति खोटी नाहीं. पण सेंट हेलेनाच्या फुटक्या खिडक्यांकडे पाहिलें असतां ‘विकूं नका’ एवढें म्हणून भागत नाहीं. सरकारी दुर्लक्षानें कोसळलेला मनोरा पाहण्यास लोकांस मोकळीक असली तरी पाहण्यासारखें तेथें उरतें काय?

आणखी एक आक्षेप तरुण वाचक घेतील, तो असा कीं उपग्रहांच्या साहाय्यानें जहाजाचें स्थान क्षणांत कळत असतां या दिव्यांची गरजच काय? मोठ्या जहाजांपुरतें हें बरेंच खरें आहे. पण लहान होडीवाल्याचें यंत्र ऐन वेळीं बंद पडलें तर त्यास खडक कोठें आहे तें डोळ्यांनींच पाहिलें पाहिजे, आणि म्हणूनच इतके दिवे अद्याप चालू ठेवण्यांत आले आहेत.

तेव्हां माझें मत असें आहे कीं दीपगृहाचें बेट खासगी हातीं जाण्यास हरकत नसावी. मात्र विक्रीच्या कागदांत तीन गोष्टी पक्क्या असाव्यात. दिव्याची देखरेख करण्यास येणाऱ्यास केव्हांही अडवूं नये. इमारतीचें जुनें रूप बदलूं नये. या दोन अटी तेथें सामान्यतः असतातच. तिसरी मी आपल्या पदरची घालतों. वर्षांतून निदान एक दिवस, हवा चांगली असेल तेव्हां, किनाऱ्यावरच्या शाळेंतील मुलांस तेथें उतरूं द्यावें. लिलांवांत घेणाऱ्यावर असें बंधन नसतें, आणि मला वाटतें कायद्याची हीच उणीव आहे. मालकास एका दिवसाची गैरसोय होईल हें मान्य. पण एवढी गैरसोय ज्यास सोसवत नाहीं त्यानें सरोवरांत दुसरें एखादें बेट शोधावें. दिवा नसलेलीं बेटें तेथें हजारोंनीं आहेत.

ग्रॅनाइट बेटावर आजही दुरुस्त केलेल्या त्या दगडी घरापासून थोड्याच अंतरावर एक उंच पोलादी सांगाडा आहे व त्यावर सरकारी दिवा आहे. घरांत मालक असो वा नसो, दार उघडें असो वा कुलूप लाविलेलें असो, अंधार पडला कीं तो लागतो.