पार्किंगमधला खांब आणि आपला हट्ट

मुलुंड काय, बोरिवली काय, रिडेव्हलपमेंटची मीटिंग म्हटली की हल्ली एक मागणी हमखास येते. कार्पेट एरिया झाला, कॉर्पस झाला, भाडं झालं, की कोणीतरी हात वर करतं, "बेसमेंटमध्ये खांब नकोत हो, गाडी घासते!" बिल्डरही लगेच मान डोलावतो. मंडळी, मला या मागणीचा मनापासून राग आहे.

खांब काढला म्हणून वरचं वजन कुठे पळून जात नाही. ते बीमवर येतं. आणि बीमचं गणित मेजॉरिटीनं ठरत नाही. बीम तोच, मीटरमागे वजन तेच, फक्त दोन खांबांमधलं अंतर ६ चं १२ मीटर केलं, तर बीमला वाकवणारा मोमेंट चौपट होतो आणि मधला झोल सोळापट. बरं, बीमची डेप्थ दुप्पट करू म्हटलं, तर कडकपणा वाढतो आठपट. म्हणजे हिशेब अजून पुरा होतच नाही. त्यात आयएस ४५६ सांगतं की भिंती आणि फिनिशिंग झाल्यावर येणारा झोल स्पॅनच्या ३५०व्या भागापेक्षा किंवा २० मिमीपेक्षा, जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त नको. थोडक्यात, ७ मीटरनंतर स्पॅन वाढला तरी झोलाची सवलत वाढत नाही. काँक्रीट तर वर्षानुवर्षं हळूहळू वाकतच राहतं. तुमच्या बेडरूमच्या भिंतीला पडणारी तिरकी भेग तिथून येऊ शकते, दरवेळी रंगाऱ्याला शिव्या देऊ नका.

"मग पोस्ट-टेन्शन करा की!" करा, जरूर करा. डेप्थ खरंच कमी होते. पण आतल्या ताणलेल्या केबल पुढची पन्नास वर्षं कोणी तोडायच्या नाहीत. आपल्याकडे एसीच्या पाइपासाठी भोक पाडणारा ड्रॉइंग बघून ड्रिल लावतो का? स्टीलचे गर्डर घ्या, तर आगीपासून आणि गंजापासून त्यांना जपायला हवं, आणि खाली उभ्या असतात पेट्रोलच्या टाक्या.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे वरच्या फ्लॅटचे खांब खाली न नेता मध्येच बीमवर उभे करणं. आम्ही आयटीवाले ज्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो ना, तो हाच. आमचा सर्व्हर पडला तर रीस्टार्ट होतो.

खालचा मजला मोकळा ठेवण्याची किंमत आपण पाहिलेली आहे. २६ जानेवारी २००१ ला भूजला भूकंप झाला आणि दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादमध्ये स्टिल्ट पार्किंगवरच्या इमारती कोसळल्या. त्यानंतर आलेल्या आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीनं अशा मोकळ्या मजल्याचे खांब आणि बीम अडीचपट बलांसाठी डिझाइन करायला सांगितलं. घाटकोपरची साईदर्शन तर आपल्या डोळ्यांसमोरची. २५ जुलै २०१७, १७ माणसं गेली. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तिथे बेसमेंट नव्हतं, लांब स्पॅनही नव्हता, मान्य. पण खांब म्हणजे अडगळ ही वृत्ती तीच.

"ते स्ट्रक्चरल इंजिनिअर बघेल, आपल्याला काय कळतं?" बघेल ना! पण त्याला नेमतो कोण? बिल्डर. त्याला आधीच सांगितलेलं असतं, खांब कमी, डेप्थ कमी, कारण बेसमेंट फूटभर जास्त खोल खणायचं म्हणजे पैसे. आणि वरून सोसायटीचा ठराव, खांब नकोत. बिचारा सोडवणार तरी काय?

मार्ग साधा आहे. एका गाडीला अडीच मीटर रुंदी धरली तर खांबाखांबांत तीन गाड्या आणि आठेक मीटरचं अंतर पुरतं. खांबांना रबरी गार्ड लावा, रिव्हर्स कॅमेरा लावा, एखादा स्लॉट कमी घ्या. आणि लांब स्पॅन हवाच असेल तर करारात लिहून घ्या की सोसायटीनं नेमलेला स्वतंत्र इंजिनिअर डिझाइन तपासेल, मग तो व्हीजेटीआयचा असो की पवईच्या आयआयटीचा. त्याची फी सभासदांत वाटली तर मॉड्युलर किचनच्या हँडलांइतकीही येणार नाही.

टाइल्सचा ब्रँड निवडायला आपण तीन मीटिंगा घेतो. बीमसाठी अर्धी तरी घ्या राव!